साळवे मॅडमची राखण

साळवे मॅडमना नाक होतं, चांगलं सरळ आणि धारदार होतं, पण त्या नाकाला वास येत नसे. लहानपणी कसलासा ताप डोक्यात गेला आणि उतरताना वास घेऊन गेला, एवढंच त्या सांगत. आमच्या नगरच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. एकदा दिवाळीच्या सुट्टीत कुणाचा तरी डबा स्टाफरूमच्या कपाटात राहून गेला. कॉलेज उघडलं त्या दिवशी आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात उभे, आणि मॅडम त्या कपाटाला टेकून निवांत पेपर तपासत बसलेल्या. आम्ही बाहेर का उभे आहोत हे कुणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटलं संप आहे."

आम्हा सहकाऱ्यांना त्या नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "भूगोल, पंखा लावा." "इतिहास, तुमचा चहा गार होतोय." मी मराठी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी मराठी झालो तो अजून मराठीच आहे. माझ्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा त्यांनी 'चि. मराठी यांस' असंच लिहिलं होतं, आणि सासरकडच्या मंडळींना त्याचा खुलासा करता करता माझ्या नाकी नऊ आले.

कुठल्याही खोलीत शिरल्या की त्या आधी खिडकीकडे जात, मग माणसांकडे. प्राचार्यांच्या थंडगार केबिनमध्ये त्यांनी एसी चालू असताना खिडकी उघडली आणि वर प्राचार्यांनाच विचारलं, "तुम्हाला दुपारी डोकं जड होतं का हो?" होत होतं. आता दुपारी डोकं कुणाचं जड होत नाही? पण प्राचार्य घाबरले आणि ती खिडकी वर्षभर उघडी राहिली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये मेणबत्त्यांची उपासना असते. तिथे मॅडमनी पाळकसाहेबांना विचारून दोन्ही बाजूंची दारं उघडली. वाऱ्यानं सगळ्या मेणबत्त्या विझल्या आणि मंडळींनी शेवटचं गीत ट्यूबलाइटमध्ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडून करंज्या नि अनारसे आले. मी विचारलं, "पाळकसाहेब रागावले नाहीत?" तर म्हणाल्या, "रागावले. पण पहिल्यांदाच उपदेशात कुणी पेंगलं नाही."

हे सगळं कार्बन मोनॉक्साइडपायी. लाकूड, कोळसा, रॉकेल, काहीही नीट पुरतं जळलं नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत तो झोंबत नाही. श्वासातून आत जातो आणि रक्तात प्राणवायूची जागा बळकावून बसतो. मॅडम त्याचं नाव क्वचितच घेत. 'तो' म्हणत, घरातल्या नको असलेल्या जावयाबद्दल बोलावं तसं. "धूर परवडला," असं त्यांचं म्हणणं. "धूर निदान खोकून सांगतो की मी आलोय." आणि वर माझ्याकडे बघून, "त्याच्यापुढे तुम्ही नि मी सारखेच, मराठी. वास तुम्हालाही येत नाही. बाकी वायूंच्या बाबतीत तुम्ही उगाच मिजास करता."

घरी त्यांचे यजमान, दावीद सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांनी सिगारेट सोडली होती, असं ते सांगत. मॅडमकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं एक उपकरण होतं, फुंकर मारली की आकडा दाखवणारं. उपकरण ठीक चालतंय का हे बघायला त्या रोज सकाळी दावीद सरांना त्यात फुंकर मारायला लावत. आकडा बघत, मान डोलवत, आणि काही न बोलता पोळ्या लाटायला जात. महिन्याभरात दावीद सरांची सिगारेट खरोखरच सुटली. "मी कुठे काय म्हणाले?" मॅडम विचारायच्या. तोच तर त्यांना जाच होता, असं दावीद सरांनी मला एकदा खाजगीत सांगितलं.

मॅडमची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली असताना पुण्याच्या एका मोठ्या संस्थेनं घरातल्या हवेचा अभ्यास हाती घेतला. बऱ्याच जिल्ह्यांतली खेडी त्यात होती. चुलीच्या घरात बायकांच्या आणि लेकरांच्या श्वासात किती विष जातं, ते मोजायचं होतं. आमच्या भागाचं काम मॅडमकडे आलं. मी त्यांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. खुश म्हणजे त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा घेतला. "उभी हयात मी पोरांना दुसऱ्यांचे शोध शिकवले," त्या म्हणाल्या. "एखाद्या निबंधावर आपलं नाव असावं, मराठी. शेवटचं चालेल. पण नावांत असावं." हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की मला चेष्टा सुचली नाही. गावकऱ्यांसाठी माहितीपत्रक सोप्या मराठीत लिहायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी त्यात ओढला गेलो, आणि पुढे जीपमध्ये जागा असते म्हणून दर खेपेला जात राहिलो.

गाव सोनईच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यात. यंत्र साबणाच्या वडीएवढं. चुलीजवळ खुंटीला लटकवायचं, दर मिनिटाला ते हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजून आपल्या पोटात साठवतं, आठवड्यानं जाऊन ते आकडे संगणकावर उतरवून घ्यायचे. त्या यंत्राला प्रमाण वाढलं की ओरडायची सोय होती. पण पुण्याहून आलेल्या नियमाप्रमाणे ती बंद करायची होती आणि आकड्याच्या काचेवर काळी पट्टी चिकटवायची होती. कारण सरळ होतं. यंत्र ओरडलं की लोक दार उघडणार, मग रोजची खरी हवा कशी कळणार? मॅडमनी स्वतःच्या हातानं एकेक पट्टी चिकटवली, काठ नखानं दाबून.

पहिलं यंत्र लागलं ते शकुबाईंच्या घरात. शकुबाई म्हणजे पन्नाशीच्या, आवाज वाडीभर ऐकू जाईल असा, आणि गावातल्या बायकांचं कुठलंही काम त्यांच्या होकाराशिवाय पुढे सरकत नसे. आठवड्यानं आकडे उतरवले तर सगळीकडे शून्य. त्या घराची हवा महाबळेश्वरपेक्षा चांगली निघाली. मॅडम परत गेल्या.

"शकुबाई, यंत्र कुठं ठेवलं होतं?"

"कपाटात, बाई. लुगड्याच्या घडीत. नव्या टावेलात गुंडाळून."

"चुलीजवळ का नाही?"

"अवो, धुरानं काळं व्हईल की! येवढी म्हागाची वस्त, तुमाला परत द्यायचीय. मीच समद्या बायांना सांगितलं, नीट संबाळा म्हनून."

सगळ्या घरांत यंत्रं कपाटात, पेटीत, एका ठिकाणी तर देव्हाऱ्यात, हळदीकुंकू लावलेली. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या कपाटातली हवा उत्तम आहे, शकुबाई. आता जरा चुलीची बघू. याला काळं होऊ द्या. नाहीतर माझी नोकरी जाईल."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. पुढच्या आठवड्याचे आकडे बघून पुण्याचा माणूस फोनवर किंचाळला. एवढ्या वायूत माणूस जगूच शकत नाही म्हणाला. बाईची नोकरी जाऊ नये म्हणून गावातल्या बायकांनी ओली लाकडं, उसाचं पाचट, हाताला येईल ते चुलीत घातलं होतं आणि यंत्र थेट धुराच्या तोंडाशी धरून आळीपाळीनं उभ्या राहिल्या होत्या. शकुबाईंचे डोळे तर सुजले होते. "झालं का काम, बाई?" त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं. "झालं," मॅडम म्हणाल्या. जीपमध्ये मात्र सोनई येईपर्यंत तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना असं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

तेव्हापासून मॅडमनी सांगणं सोडलं आणि जाऊन बसणं सुरू केलं. चुलीपुढे पाटावर बसायच्या, भाकरी यायची, त्या डोळे मिटून मनात प्रार्थना करायच्या, आणि ते बघून समोरच्या बायकाही हात जोडून थांबायच्या. सूचना एकच ठेवली, की जिथं विस्तव तिथं यंत्र. ती बायकांना पाठ झाली. हळूहळू आकडे माणसांसारखे येऊ लागले. मॅडमचा जीव त्या आकड्यांत गुंतला. स्टाफरूममध्ये त्या आलेखांकडे अशा बघायच्या जसे लोक नातवंडांचे फोटो बघतात.

डिसेंबरात शकुबाईंची लेक सोनाली बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. थंडी मरणाची होती. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची, बाजेखाली निखारे सरकवून बाई नि लेकरू शेकायचं, आणि वारं लागू नये म्हणून खोली बंद ठेवायची, ही तिकडची चाल. मॅडमना शेगडीचीच खरी धास्ती. कारण बायका धूर निघून जाईपर्यंत शेगडी अंगणात ठेवतात, आणि निखारे लालबुंद, बिनधुराचे झाले की मग आत आणतात. धूर गेला म्हणजे बाधा गेली, असा हिशोब. आणि नेमका त्या निखाऱ्यांतून 'तो' सगळ्यात जास्त येतो. मॅडमनी हे शकुबाईंना समजावलं होतं. शकुबाईंनी ऐकूनही घेतलं होतं, पण म्हणाल्या, "बाई, माजं पयलं लेकरू थंडीनं गेलं. तुमी सांगाल ते समदं करीन, पर शेक सोडनार न्हाई." ज्या बाईचं मूल गारठून गेलं तिला शेगडी नको म्हणून कसं सांगायचं, असं मॅडम मला परतताना म्हणाल्या. खिडकी तेवढी थोडी उघडी ठेवायला त्यांनी कबूल करून घेतलं होतं.

पुढच्या खेपेला आम्ही सकाळी पोचलो. शकुबाई अंगणात भांडी घासत होत्या. चहा टाकते म्हणाल्या. मॅडमनी पोरीची चौकशी केली.

"निजलीया. रातच्याला वकाऱ्या काय, डोकं धरून बसली काय. अशक्तपना हाय, दुसरं काय! लेकरू मातर लई गुनाचं, बाई. पहाटपासनं रडलंच न्हाई."

मॅडमच्या हातातली पिशवी खाली पडली. गुडघेदुखीनं जिना चढायला वेळ घेणारी ती बाई कशी धावली हे मला अजून सांगता येत नाही. खोलीचं दार ढकललं तर आत उबदार, स्वच्छ, धुराचा मागमूस नाही. खिडकीत गोणपाट कोंबलेलं. बाजेखाली शेगडी. निखारे छान फुललेले. आणि बाजेच्या पायाला, सुतळीनं नीट बांधलेलं, काळी पट्टी लावलेलं आमचं यंत्र.

मॅडमनी लेकरू उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बाहेर. पळा." शेगडी त्यांनी तशीच हातानं धरून अंगणात फेकली. सोनालीला मॅडमनी नि शकुबाईंनी ओढत लिंबाखाली आणलं. ती डोळे उघडत होती, मिटत होती, काहीतरी असंबद्ध बोलत होती. माझ्या हातातलं गाठोडं हलत नव्हतं. मी दोन मुलांचा बाप आहे, पण त्या क्षणी मूल कसं धरतात हेच मला आठवेना. गार वाऱ्यात ते तसंच धरून मी उभा होतो, आणि मग ते रडलं. आधी बारीक, मग कडकडून. मीही रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

नगरच्या दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला. संध्याकाळपर्यंत सोनाली उठून बसली आणि लेकरू दूध प्यालं. डॉक्टरांनी सांगितलं की अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मॅडमच्या तळहाताला मलमपट्टी झाली होती. व्हरांड्यात बाकावर आम्ही तिघं बसलो होतो.

"शकुबाई," मॅडमनी हळूच विचारलं, "खिडकी उघडी ठेवायचं ठरलं होतं ना?"

शकुबाईंनी मान वर केली. त्यांना खरंच नवल वाटत होतं. "पर यंत्र हुतं की खोलीत! जिथं इस्तू तिथं यंत्र, तुमीच म्हनला हुता. म्हनून तर मी ते बाजंला बांदलं नि निर्धास्त खिडकी लावून घेतली."

"ते फक्त मोजतं, शकुबाई. दुसरं काही करत नाही."

"आसं कसं? नुसतं बगायला कोन येतंय व्हय, बाई? तुमी येवढ्या लांबून येता, आमच्यात बसता, जेवता. आमाला वाटलं, राखन ठिवलीया तुमी."

माहितीपत्रकात सगळं लिहिलं होतं, माझ्याच मराठीत, आणि शकुबाईंनी ते वाचूनही घेतलं होतं. पण ते त्या वेळी बोलण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यांनी ते यंत्र संगणकाला जोडलं. आलेख सुरेख आला होता. एवढा स्वच्छ आलेख आम्हाला एकाही चुलीनं दिला नव्हता. संध्याकाळी शेगडी आत आली तिथून रेघ चढायला लागली आणि चढतच गेली, ती आम्ही दार ढकललं तिथे उभी तुटली. मॅडम म्हणाल्या, "हे तिच्या पायाशी होतं, मराठी. याला सगळं कळत होतं. तोंड मी बांधलं होतं याचं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण संगणक बंद करताना त्यांना कळ सापडेना.

आठवड्याच्या आत त्यांनी गावातलं प्रत्येक यंत्र खाली उतरवलं, पट्ट्या ओरबाडून काढल्या, आवाज चालू केला आणि पुन्हा टांगलं. मग पुण्याला स्वतः फोन केला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आला.

"मॅडम, अहो आवाज झाला की त्या खिडक्या उघडणार!"

"हो सर. त्यासाठीच केलाय."

"मग खरं प्रमाण कसं कळणार?"

"नाही कळणार."

"तुमच्या सगळ्या गावाचे आकडे बाद होतील. तुमचं नावही मला ठेवता येणार नाही. विचार करा. शेगडीच्या धोक्याचा निरोप सगळ्या ठिकाणी पोचवतो मी, नियमही बदलायला लावतो. पण त्याला वेळ लागेल. तोवर थांबा ना."

"थंडी आहे सर," मॅडम म्हणाल्या. "आत्ता थंडी आहे."

पुण्याचे सर वाईट नव्हते. त्यांचं बोलणं शास्त्राला धरूनच होतं, आणि पुढे त्यांनी खरोखर नियम बदलून घेतला असं कानावर आलं. निबंध छापून आला तेव्हा आमचं गाव त्यात नव्हतं. मॅडमचं नाव शेवटच्या आभारांत होतं, जीपच्या चालकाच्या वर. मी तो त्यांना आणून दाखवला. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, पुन्हा वाचलं, कागदाची घडी घातली. "छान छापलंय," म्हणाल्या, आणि तासाला निघून गेल्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्यांनाही वाटलं असणार, पण विचारायची सोय नव्हती.

गावात यंत्राचं नाव टिटवी पडलं. टिटवी वरडली की कवाड उघडायचं, एवढं लहान पोरांनाही कळायला लागलं. शेगडी काही गेली नाही. खोली उघडी ठेवून तापवायची, निखारे बाहेर न्यायचे आणि मगच दार लावायचं, लेकराला आईच्या छातीशी ठेवायचं नि पायाशी गरम पाण्याची पिशवी, असा तोडगा शकुबाईंनी आणि मॅडमनी मिळून काढला. कुणी टाळाटाळ केली की शकुबाई तिच्या दारात जाऊन उभ्या राहत, आणि त्यांचा आवाज टिटवीपेक्षा मोठा होता.

मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषणं झाली, त्यात त्या गावाचा उल्लेख कुणी केला नाही. मग भेटी कमी झाल्या.

गेल्या हिवाळ्यात मी नगरच्या बसस्थानकावर उभा होतो. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टर अजून नगरच ओरडतात. समोरच्या दुकानात साळवे मॅडम घड्याळात घालतात तसले सेल घेत होत्या, पिशवीभर. केस पांढरेशुभ्र झाले होते.

"मॅडम, संशोधन अजून चालू आहे वाटतं?"

"छे हो, मराठी. त्या गावात आता कळण्यासारखं काही राहिलेलं नाही."

"मग एवढे सेल?"

"थंडी पडायला लागली ना. आणि तिकडे तिघीजणी बाळंतपणाला आल्यात."

सोनईची गाडी लागली. त्यांची पिशवी मी वर चढवून दिली. जागा मिळाल्यावर त्यांनी पर्समधून एक जुनाट, काळवंडलेलं यंत्र काढलं, सेल बदलले आणि बारीकशी कळ दाबली. अख्ख्या गाडीभर कर्कश शिट्टी घुमली. पुढची माणसं वळून बघू लागली. कंडक्टर दारातून ओरडला, "कुनाचा मोबाईल वाजतोय? बंद करा तेवढा!"

"माझा आहे," मॅडम म्हणाल्या. "वाजू द्या."

गाडी हलली तरी तो आवाज चालूच होता.